शिकागोचा सरोवरकाठ : एका व्यापाऱ्याने राखलेली अमानत

दुकानाचा गाळा घेताना आपण केवळ चार भिंती पाहत नाही. समोर रस्ता किती रुंद आहे, मैदान आहे की गटार, हातगाडी उभी करायला जागा आहे की नाही, हे सारे पाहून मगच सौदा ठरतो. नकाशात समोर मोकळी जागा दाखविलेली असेल तर तिची किंमतही गाळ्याच्या भावात धरलेली असते. मग गाळे विकून झाल्यावर त्याच मोकळ्या जागेवर कोणी इमारत उठवू लागले, तर गाळेधारकाला बोलण्याचा हक्क आहे काय?

अमेरिकेतील शिकागो शहरात हा प्रश्न वीस वर्षे न्यायालयात लढविला गेला. लढविणारा माणूस पुढारी नव्हता, टपालाने माल विकणारा व्यापारी होता. आज मिशिगन सरोवराच्या काठाने शिकागोत अठरा मैलांहून लांब पायवाट आहे. शहराच्या किनाऱ्याचा बहुतेक भाग बागा, चौपाट्या व मैदानांसाठी खुला आहे. इतक्या मोठ्या व्यापारी शहरात हे कसे घडले, ते व्यापारी बांधवांसमोर ठेवावे असे आम्हास वाटले.

सुरुवात १८३६ सालच्या एका नकाशापासून होते. इलिनॉय राज्याला सरोवर व इलिनॉय नदी जोडणारा कालवा खणायचा होता आणि त्यासाठी पैसा हवा होता. म्हणून कालव्याच्या आयुक्तांनी शिकागोतील जमिनीचे भूखंड पाडून ते विकायला काढले. मिशिगन अॅव्हेन्यू या रस्त्यापलीकडची, सरोवरालगतची पट्टी मात्र विकली नाही. नकाशावर त्या पट्टीत लिहिले की, ही सामाईक जागा असून ती कायम मोकळी राहील, तिच्यावर इमारत वा अन्य कोणताही अडथळा येणार नाही. समोर सरोवर दिसेल या भरवशावर लोकांनी रस्त्याकाठचे भूखंड घेतले. कालवा १८४८ मध्ये पूर्ण झाला आणि नकाशा दप्तरात जाऊन पडला.

पुढे त्या जागेचे जे झाले ते आपल्याकडच्या कोणत्याही बेवारस मैदानाचे होते तेच. लाटांनी किनारा खचत होता, बंधारा बांधायला शहराजवळ पैसा नव्हता. १८५२ मध्ये इलिनॉय सेंट्रल या रेल्वे कंपनीला सांगण्यात आले की, बंधारा तुम्ही बांधा, बदल्यात काठाजवळच्या पाण्यातून रूळ टाका. त्या काळी हा सौदा स्वस्त वाटला असेल, पण काठ आणि पाणी यांच्यामध्ये रेल्वे येऊन बसली ती कायमची. १८७१ च्या ऑक्टोबरात शहराला भयंकर आग लागली, सुमारे एक लाख माणसे बेघर झाली. जळक्या घरांचा मलबा काठ आणि रूळ यांच्यामधल्या पाण्यात लोटण्यात आला. अशी नवी जमीन तयार झाली, आणि नवी जमीन दिसली की हात पुढे येतातच. तबेले, झोपड्या, रेल्वेच्या शेडी, कचऱ्याचे ढीग असे सर्व काही तिथे जमा झाले.

त्याआधी १८६९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने बंदरासमोरचा हजार एकरांहून अधिक सरोवरतळ त्याच रेल्वे कंपनीच्या नावे करून टाकला होता. १८७३ मध्ये हा कायदा मागे घेतला गेला, कंपनी भांडत राहिली आणि १८९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तो असा की, जहाजे चालतील अशा पाण्याखालची जमीन सरकारची असली तरी दुकानातल्या मालासारखी विकण्याची नाही. सरकार तिचे जनतेच्या वतीने विश्वस्त आहे. आपल्या बोलीत सांगायचे तर अमानतदार आहे, आणि अमानत परस्पर दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. हा निकाल आपल्याही कामाचा आहे. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठी एका हॉटेलसाठी वनजमीन दिली गेली, त्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये हेच तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितले आणि त्यासाठी शिकागोच्या या निकालाचा आधार घेतला.

आता त्या व्यापाऱ्याकडे येऊ. आरन माँटगोमेरी वॉर्ड याचा जन्म १८४४ चा. फिरता विक्रेता म्हणून खेडोपाडी हिंडताना त्याने पाहिले की, गावच्या दुकानात शेतकऱ्याला माल महाग मिळतो आणि निवड करायला वाव नसतो. १८७२ मध्ये त्याने एका कागदावर वस्तूंची व भावांची यादी छापून ती शेतकऱ्यांना पाठविली. पैसे भरा, माल रेल्वेने पोहोचेल. माल पसंत न पडल्यास पैसे परत, ही हमी त्याने तीन वर्षांनी दिली. न पाहिलेल्या दुकानदाराकडून न पाहिलेला माल घ्यायचा, तर छापलेल्या शब्दावर विश्वास हवा. वॉर्डचा सारा धंदा छापील शब्दावर उभा होता. नकाशावरची ती ओळ त्याने इतक्या गांभीर्याने का घेतली, हे आम्हास यातून समजते.

वॉर्डची पेढी मिशिगन अॅव्हेन्यूवरच होती आणि खिडकीतून तो सारा उकिरडा दिसे. १८९० मध्ये त्याने शहरावर दावा लावला. मुद्दा सरळ होता : आम्ही या रस्त्यावरचे मालक आहोत, आमच्या जमिनी या नकाशाच्या आधारे विकल्या गेल्या, तेव्हा समोरची जागा मोकळी राहावी हा आमचा हक्क जमिनीबरोबरच आमच्याकडे आला आहे. १८९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले. मालकांची संमती असेल तर मात्र गोष्ट वेगळी. आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत याच काठावर उभी आहे, कारण समोरच्या मालकांनी तिला मान्यता दिली होती. १८९३ ची सर्वधर्म परिषद, जिथे स्वामी विवेकानंद बोलले, ती याच इमारतीत भरली होती.

खरी कसोटी पुढे लागली. मार्शल फील्ड हा शिकागोतील बड्या दुकानाचा मालक १९०६ मध्ये वारला. संग्रहालयासाठी त्याने ८० लाख डॉलर ठेवले, अट अशी की सहा वर्षांत शहराने फुकट जागा द्यावी. शहराने काठावरच्या ग्रँट पार्कचा मध्य निवडला. वॉर्ड पुन्हा न्यायालयात गेला. या वेळी समोर उकिरडा नव्हता, विद्येचे घर होते आणि तेही एका मृत व्यापाऱ्याचे दान. वर्तमानपत्रे त्याच्यावर तुटून पडली, शहराचा शत्रू म्हणून त्याची संभावना झाली. आम्हालाही हा प्रश्न सोपा वाटत नाही. त्या काळी आम्ही तिथे असतो तर कदाचित संग्रहालयाच्याच बाजूने उभे राहिलो असतो. पण वॉर्डचे म्हणणे होते की, एका चांगल्या इमारतीला वाट दिली की दुसरी तिच्यामागे येते आणि गरिबाला मोकळ्या हवेची जागा उरत नाही. १९०९ आणि १९१० या दोन्ही निकालांत तो जिंकला. संग्रहालयाला अखेर रेल्वे कंपनीने दक्षिणेकडे जागा दिली आणि ते १९२१ मध्ये तिथे उघडले. वॉर्ड १९१३ मध्येच वारला होता.

जागा मोकळी राहिली, पण ती नुसती मोकळी जागा होती. तिचा काठ केला तो व्यापाऱ्यांच्याच दुसऱ्या एका उद्योगाने. शहरातील बड्या व्यापाऱ्यांच्या कमर्शियल क्लबने डॅनियल बर्नहॅम या वास्तुविशारदाकडून संपूर्ण शहराचा आराखडा करवून घेतला आणि १९०९ मध्ये तो छापला. सरोवरात भराव टाकून मैलोन्‌मैल बागा व चौपाट्या कराव्यात, ही त्यातली मोठी गोष्ट. आराखडा खपविण्याचे काम वॉल्टर मूडी या विक्रीकलेत मुरलेल्या माणसाकडे दिले गेले. त्याने तो शाळेतल्या मुलांसाठी पाठ्यपुस्तकाच्या रूपात लिहिला! मुले मोठी होऊन मतदार होणार, हे त्याचे गणित होते. भरावासाठी माती कमी पडली नाही. शहराच्या रस्त्यांखाली मालवाहतुकीची भुयारे खणली जात होती, त्यांची चिकणमातीही या काठाच्या भरावात गेली.

याआधी एक काम झाले नसते तर चौपाट्यांना अर्थच नव्हता. शहराचे सांडपाणी नदीतून सरोवरात जाई आणि पिण्याचे पाणीही त्याच सरोवरातून येई. १९०० मध्ये २८ मैलांचा कालवा काढून नदीचा प्रवाहच उलटा फिरविण्यात आला. घाण सरोवराकडे जायची थांबली. ती खालच्या गावांकडे गेली, हेही नमूद केले पाहिजे.

आणि काठ सर्वांसाठी मोकळा होता काय? २७ जुलै १९१९ रोजी युजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा सरोवरात तरंगत होता. गोऱ्यांनी आपल्या मानलेल्या हद्दीत तो गेला. ही हद्द कोणत्याही कायद्यात नव्हती. त्याच्यावर दगड फेकले गेले आणि तो बुडून मेला. पोलिसाने दगड मारणाऱ्याला पकडण्यास नकार दिला आणि शहरात दंगल उसळली. तीत ३८ माणसे मारली गेली, त्यांत २३ कृष्णवर्णीय व १५ गोरे. वॉर्डने जिंकलेल्या निकालाने इमारती अडविल्या. माणसाला माणसाने अडविले तेव्हा त्याचा उपयोग झाला नाही.

नकाशावरच्या शब्दालाही मर्यादा होतीच. तो ग्रँट पार्कपुरता होता. त्याच्या दक्षिणेला १९६० मध्ये व्यापारी प्रदर्शनांसाठी मॅककॉर्मिक प्लेस हे प्रचंड सभागृह ऐन काठावर उभे राहिले. १९६७ मध्ये ते जळाले, तरी चार वर्षांत त्याच जागी दुसरे उभे केले गेले. प्रदर्शनांनी धंदा वाढतो हे आम्ही जाणतो, पण सभागृहाला पाण्याचा काठ कशाला हवा, हे आम्हास उमगलेले नाही. १९७३ मध्ये शहराने काठाच्या रक्षणासाठी स्वतंत्र नियम केले, ते या अनुभवानंतरच.

वॉर्डच्या निकालांतून वाट काढण्याचे प्रयत्न थांबलेले नाहीत. ग्रँट पार्कच्या कोपऱ्यात रूळांवर छत घालून मिलेनियम पार्क झाले ते २००४ मध्ये उघडले. तिथला संगीताचा मंडप उंचीच्या बंधनात बसेना, तेव्हा ती इमारत नसून कलाकृती आहे असे ठरविण्यात आले. २००८ मध्ये नगरपरिषदेने मुलांच्या संग्रहालयाला ग्रँट पार्कमध्ये येण्याची परवानगी दिली. विरोध होत राहिला आणि २०१२ मध्ये संग्रहालयाने तो बेत सोडला. वॉर्डची जुनी कंपनी २००१ मध्येच दुकाने बंद करून संपली होती.