एच३ वर ठेवलेला उंट

लिनारेस, स्पेन, १९९८. बुद्धिबळाचा डाव, टोपालोव विरुद्ध शिरोव. पटावर दोन राजे, दोन उंट आणि सहा प्यादी. काळ्या मोहऱ्या असलेल्या शिरोवकडे दोन प्यादी जास्त होती, पण उंट विरुद्ध रंगांच्या घरांतले. असे डाव बहुतेकदा बरोबरीत सुटतात. ४७व्या चालीला शिरोवनं एफ५ वरचा उंट उचलला आणि एच३ वर, थेट पांढऱ्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला. ना शह, ना कशाला मारलं.

काळ्या राजाला ई४ गाठायचं होतं आणि वाटेत स्वतःचाच उंट उभा होता. तो साधा बाजूला घेतला असता तर पांढरा राजा दोन चालींत ई३ वर येऊन वाट अडवणार होता. टोपालोवनं उंट मारला, त्यात त्याची एक चाल गेली, आणि तेवढ्यात काळा राजा ई४ वर पोचला. आणखी चार चालींत डाव संपला.

त्या काळच्या बुद्धिबळ प्रोग्रॅमना ही चाल सापडत नसे. हिशेब साधा होता: उंट म्हणजे तीन प्यादी. शिवाय सगळ्या चाली सारख्याच खोलवर तपासायला वेळ पुरत नाही, म्हणून शह आणि मारामारी आधी, शांत आणि तोट्याच्या दिसणाऱ्या चाली वरवर. शिरोवची चाल नेमकी याच दुसऱ्या ढिगात पडते.

लीलासारखा प्रोग्रॅम स्वतःशीच खेळून शिकलेल्या न्यूरल नेटवर्कवर चालतो. मोहऱ्यांची किंमत त्याला कुणी सांगितलेली नाही. तो मोजक्याच चाली बघतो. याच घराण्यातला अल्फाझीरो २०१७ मध्ये सेकंदाला ८० हजार स्थिती तपासायचा, तर समोर खेळणारा जुन्या पद्धतीचा प्रोग्रॅम स्टॉकफिश ७ कोटी. मोहऱ्यांची किंमतच ठाऊक नसलेल्या लीलाला मग बलिदान सहज दिसेल, असं वाटतं. तसं नाही. पहिल्या नजरेत विचित्र वाटलेली चाल त्याच्याकडूनही मागेच राहू शकते. चूक तीच, फक्त कारण वेगळं. २०२० पासून स्टॉकफिशनंही मूल्यमापनासाठी नेटवर्क घेतलं, शोधाचा वेग मात्र कोट्यवधींचाच ठेवला. मला हा संगम फार मोलाचा वाटतो.

हे प्रोग्रॅम स्थितीला जे आकडे देतात, त्यांची तुलना मात्र जपून करावी. लीला जिंकणं, बरोबरी आणि हरणं यांची शक्यता मोजते. स्टॉकफिशचा +१ हा २०२२ पासून एक प्यादं जास्त असल्याचा आकडा उरलेला नाही, तो जिंकण्याची निम्मी शक्यता सांगतो.

घरी प्रोग्रॅममध्ये शिरोवची ती स्थिती मांडा. उंट स्वतःच्या हातानं एच३ वर ठेवा, राजा ई४ पर्यंत न्या, आकडा कुठे हलतो ते बघा. मग एकेक चाल मागे या. पुढे पाहिलेलं प्रोग्रॅमच्या स्मृतीत असतं. सुरुवातीला त्याच्या यादीत तळाशी असलेला उंट परतताना वर सरकलेला दिसू शकतो.