जागलीवरचा कुत्रा वाघाशी लढेल का?

लेखमाला : वावरातले सोबती – भाग पाचवा

मागच्या आठवड्यात बैलजोडीबद्दल लिहिलं. त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये एकच विचारणा निरनिराळ्या शब्दांत आहे. रात्री जागलीला जाताना कुत्रं सोबत असतं, वाघ आला तर ते आपल्यासाठी उभं राहील का? यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव, केळापूर, झरी जामणी, घाटंजी या तालुक्यांत हा प्रश्न करमणुकीचा नाही. म्हणून ठरलेला विषय बाजूला ठेवून आजचा भाग कुत्र्यावर.

उत्तर आधीच सांगून टाकतो. बहुतेक कुत्रे उभे राहणार नाहीत. आणि तरीही जंगलालगतच्या वावरात कुत्र्याशिवाय रात्र काढू नका, असंच मी म्हणेन. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते आज पाहू.

पराटीला बोंडं धरली, तूर फुलावर आली, हरभरा उगवून आला की रोही आणि रानडुकरं वावरात उतरतात. एका रात्रीत डुकरांचा कळप जे करून जातो त्यातून वर्ष सावरत नाही. त्यात ओलिताला वीज रात्रीची. त्यामुळे माणसाला रात्री वावरात असावंच लागतं. दुसऱ्या बाजूला टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. तिथे वाढलेल्या तरुण वाघाला स्वतःचा मुलूख शोधायला बाहेर पडणं भाग असतं. टिपेश्वरहून निघालेला ‘वॉकर’ नावाचा वाघ २०१९ मध्ये शेतं, नाले, रस्ते ओलांडत थेट बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, हे अनेकांना आठवत असेल. वाघाच्या वाटा आणि आपली वावरं एकमेकांत अशी गुंतलेली आहेत.

पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यातली ती दोन वर्षं तर कोणीच विसरलेलं नाही. २०१६ ते २०१८ या काळात टी-१ वाघिणीच्या नावावर १३ माणसांचे बळी नोंदले गेले. प्राणीमित्र तिला अवनी म्हणत. तिला पकडण्यासाठी ट्रॅप कॅमेरे लागले, हत्ती आणले गेले. त्या हत्तींपैकी एक सुटला आणि चहांद गावात एका बाईचा जीव गेला. मग ऑक्टोबर २०१८ मध्ये गोल्फपटू ज्योती रंधावा यांचे केन कोर्सो जातीचे दोन कुत्रे मोहिमेत आले. ही इटलीची राखणदार जात, अंगाने दणकट, वजन पन्नास किलोच्या आसपास. पण त्यांनाही कोणी वाघिणीशी झुंजायला आणलं नव्हतं. वासावरून माग काढणं एवढंच त्यांच्याकडून हवं होतं, आणि तोही लागला नाही. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ वाघीण गोळीने मारली गेली. त्यावरून पुढे मोठा वाद झाला, त्यात आज शिरत नाही. मला सांगायचं आहे ते इतकंच की या सगळ्या गावांमध्ये कुत्रे होते, घरोघरी होते, आणि तरी १३ माणसं गेली. कुत्रा जवळ असला म्हणजे आपण वाचलो, असा हिशेब मांडणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं.

कुत्र्याच्या बाजूने विचार करून पाहा. आपला गावठी कुत्रा भरला तर पंधरा-वीस किलोचा. बिबट्याचा नर पन्नास ते सत्तर किलोचा, वाघीण सव्वाशेच्या आसपास, वाघ त्याहून भारी. कुत्र्याच्या नाकाला हे सगळं आपल्याआधी कळतं. वासाच्या पेशी माणसाच्या नाकात पन्नास-साठ लाख, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. कानांचंही तसंच. माणसाला साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५ हजारांपर्यंत. वाळल्या पाल्यावर पडलेलं पाऊल कोणाचं, हे त्याला आपल्या कितीतरी आधी समजतं. ज्याला समोरचा धोका इतका स्पष्ट कळतो, त्याने त्याच्या अंगावर धावून जावं ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे.

मग घाबरलेला कुत्रा करतो काय? हंगेरीतल्या बुडापेस्टच्या ओत्व्होश लोरांद विद्यापीठात मार्टा गाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हे तपासलं. एक अनोळखी माणूस धमकावत कुत्र्याकडे चालून येतो. एकदा मालक शेजारी असतो, एकदा नसतो. मालक असताना कुत्र्याच्या हृदयाचे ठोके कमी वाढले. घाबरलेलं मूल आईला बिलगून सावरतं, तसा कुत्रा आपल्याजवळ येऊन सावरतो. इटलीत नेपल्सच्या विद्यापीठात बियाजिओ द’अनिएल्लो यांनी २०१८ मध्ये घाबरलेल्या माणसांच्या घामाचा वास कुत्र्यांना दिला, तेव्हा त्यांचे ठोके वाढले आणि ते आपापल्या मालकाकडे वळले. म्हणजे संकटाच्या वेळी आपण कुत्र्याकडे पाहत असतो आणि कुत्रा आपल्याकडे.

मालक खरोखर अडचणीत असेल तर कुत्र्याला ते उमगतं का, यावरही प्रयोग झाले आहेत. कॅनडात वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात क्रिस्टा मॅकफर्सन आणि विल्यम रॉबर्ट्‌स यांनी २००६ मध्ये मालकांना हृदयविकाराचा झटका आल्याचं नाटक करायला लावलं, दुसऱ्या प्रयोगात अंगावर पुस्तकांचं कपाट पडल्याचं. शेजारी बसलेल्या माणसाकडे मदतीसाठी एकही कुत्रा गेला नाही. सिनेमातल्या कुत्र्यांवर वाढलेल्या लोकांना हे लागलं असेल. पण मला त्यानंतरचा प्रयोग जास्त बोलका वाटतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठात जोशुआ व्हॅन बर्ग आणि क्लाइव्ह विन यांनी २०२० मध्ये ६० पाळीव कुत्रे घेतले. मालक एका मोठ्या खोक्यात बंद, आतून मदतीसाठी कळवळून हाका मारतोय, खोक्याचं दार कुत्र्याला नाकाने ढकलता येईल इतकं हलकं. ६० पैकी २० कुत्र्यांनी दार उघडलं. तिसरा हिस्सा, म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण त्याच खोक्यात खाऊ ठेवला तेव्हाही दार १९ जणांनीच उघडलं. दार कसं उघडायचं हेच बाकीच्यांना सुचत नव्हतं. ज्या १९ जणांना खाऊसाठी उघडता आलं, त्यांतल्या १६ जणांनी मालकालाही सोडवलं. जे सोडवू शकले नाहीत, त्यांच्याही जिवाची घालमेल दिसत होती. कळकळ भरपूर आहे, कमी पडते ती युक्ती. कुत्र्याबद्दल याहून न्याय्य बोलणं मी अजून वाचलेलं नाही.

आता वावरात या. राळेगाव तालुक्यात एका शेतकऱ्याच्या मचाणाखाली बसून मी त्याच्या कुत्र्याकडे बराच वेळ पाहिलं आहे. पिवळसर रंगाचा, एक कान फाटलेला. डुकरं धुऱ्यावर आली तेव्हा तो उठला, चार-सहा उड्या मारून पुढे गेला आणि मोठ्या, सलग आवाजात भुंकू लागला. शेपटी वर, छाती पुढे. मालक नुसता ओरडला, डबा बडवला, डुकरं पळाली. पहाटेकडे नाल्याच्या अंगाने काहीतरी सरकलं असावं. आम्हाला काही दिसलं नाही, ऐकूही आलं नाही. कुत्रा मात्र भुंकलाच नाही. मानेवरचे केस उभे, शेपटी पोटाशी, नाक नाल्याकडे. मग तो मागे-मागे सरकत शेकोटीजवळ आला आणि मालकाच्या पायाला अंग लावून उभा राहिला. घशातून बारीक गुरगुर, मध्येच एक तुटकी भुंक. मालकाने शेकोटीत लाकडं सारली, शेजारच्या वावरातल्या माणसाला हाक दिली आणि उजाडेपर्यंत शेकोटीजवळून हलला नाही. ‘डुकराचं भुकणं वायलं न् याचं वायलं,’ तो म्हणाला, ‘आता ते आपल्याले सांगून राह्यलं.’

त्याच्या बोलण्याला अभ्यासाचा आधार आहे. हंगेरीतच पेतेर पोंग्रात्स यांनी कुत्र्यांचं भुंकणं ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकवलं. अनोळखी माणूस आलाय, कुत्रा एकटा बांधलेला आहे, खेळतोय, हे निव्वळ आवाजावरून ओळखण्यात लोक अंदाजापेक्षा बरेच पुढे गेले, अगदी ज्यांनी कधी कुत्रा पाळला नाही असेही. हजारो वर्षं सोबत राहून दोघांनी हे कमावलं आहे. राखण होते ती इथे, दात लागायच्या कितीतरी आधी. वाघ शेवटच्या उडीपर्यंत कोणाला कळू न देता येतो आणि त्याची भिस्त त्यावरच असते. कुत्र्याने ते कळवलं, माणसाने ते वाचलं आणि माणूस सावध झाला, तर वाघ बहुधा वाट बदलतो.

बिबट्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती सांगताना मन खट्टू होतं. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या बिबट्यांनी खाल्लेल्या सावजांच्या वजनात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. बिबट्याच्या लेखी आपला राखणदार हे सोपं सावज आहे. रात्री अंगणात साखळीने बांधलेल्या कुत्र्याला ना पळता येतं, ना लपता येतं. त्याला बांधून आपण झोपतो आणि बिबट्याला घरापर्यंत वाट दाखवतो. पूर्वीचे मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालत ते उगीच नाही. बिबट्या पहिला घाव मानेवर घालतो.

जिथे कुत्रा खरंच मध्ये पडतो अशी एक जागा आहे, ती म्हणजे साप. नाग, घोणस त्याच्या आवाक्यातले वाटतात, म्हणून तो भिडतो. पावसाळ्यात ओसरीवर निजलेल्या लेकरापाशी आलेला साप कुत्र्याने अडवला, अशा हकिगती गावोगाव ऐकू येतात, आणि त्या खोट्या मानायचं कारण नाही. त्यात कुत्रा बरेचदा मरतो. चोरांचं सांगायचं तर भुंकणाऱ्या कुत्र्याचं घर ते टाळतात. त्यासाठी त्याने चावायची गरज पडत नाही.

यवतमाळचा विषय निघाला आणि तांड्यांचा कुत्रा राहिला असं कसं होईल? पुसद, दिग्रस, दारव्हा हा बंजारा समाजाचा मुलूख. वसंतराव नाईकांचं गहुली इथलंच. लदेणीचे बैल घेऊन देशभर फिरणाऱ्या तांड्यांची मिठाची, धान्याची राखण त्यांचे कुत्रे करत. अशाच एका कुत्र्याचं देऊळ छत्तीसगडमध्ये बालोद जिल्ह्यातल्या खपरी गावात आहे, कुकुरदेवाचं. कथा अशी, की दुष्काळात एका बंजाऱ्याने आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराच्या घरी चोरी झाली. कुत्र्याने चोरांवर झेप घेतली नाही. माल त्यांनी कुठे दडवला ते त्याने पाहिलं आणि सकाळी सावकाराला तिथे नेऊन उभं केलं. सावकाराने खूश होऊन कर्ज फिटल्याची चिठ्ठी त्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मोकळं सोडलं. कुत्रा धावत धन्याकडे गेला. धन्याला वाटलं, हा पळून आला, माझा शब्द मोडला. त्याने रागाने त्याला मारलं, आणि चिठ्ठी नंतर वाचली.

कथा खरी किती, हे शोधण्यात मला रस नाही. ती रचणारी माणसं कुत्र्यांसोबत जन्म काढणारी होती, आणि त्यांनी कुत्र्याची थोरवी झुंजण्यात दाखवली नाही. त्याने पाहिलं, येऊन सांगितलं, आणि घात झाला तो धन्याने चिठ्ठी न वाचल्यामुळे.

म्हणून जागलीला जाणाऱ्यांना काही गोष्टी कळकळीने सांगतो. कुत्रा अंधाराकडे पाहून भुंकत असेल तर त्याला ‘छू’ करून पुढे पाठवू नका. वाघाने किंवा अस्वलाने पाठ धरली तर तो पळून तुमच्याकडेच येणार आणि मागून त्यांनाही आणणार. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्त्याला, सरपणाला जंगलात जाताना कुत्रा नेऊच नका. मोहाखालच्या अस्वलाला डिवचायला एक भुंक पुरते. कुत्रा जवळ येऊन गप्प झाला तर काय आहे ते बघायला बॅटरी घेऊन खाली उतरू नका. मचाणावरच राहा, आवाज करा, शेजाऱ्याला हाक द्या, फोन लागत असेल तर वनरक्षकाला सांगा. एकाऐवजी दोन कुत्रे असलेले बरे, एकाची नजर चुकली तर दुसऱ्याची चुकत नाही. घरी रात्री त्याला साखळीने उघड्यावर बांधू नका, गोठ्यात किंवा जाळीच्या आत घ्या. दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डिस्टेंपरच्या लसीचीही चौकशी करा, कारण हा कुत्र्यांचा रोग वाघ-बिबट्यांपर्यंत पोचतो. आणि दिवसा थोडा वेळ काढून आपला कुत्रा कशाला कसा भुंकतो, माणसाला कसा, गुराला कसा, डुकराला कसा, ते कान देऊन शिकून घ्या.

(पुढील आठवड्यात : धनगरांचे कुत्रे, पिल्लू मेंढरांत कसं वाढवतात)