आरोग्यसेवा संशोधन आणि रुग्णालय व्यवस्थापन : नवजात बालकांच्या सेवेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे गाव या जिल्ह्याच्या नांदेडकडील बाजूस आहे. हिंगोली येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असले, तरी या परिसरातील अत्यवस्थ रुग्णास मोठ्या रुग्णालयात न्यावयाचे झाल्यास नांदेडचा विचार आजही स्वाभाविकपणे होतो.

याच नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर २०२३ पासूनच्या ४८ तासांत ३१ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांत १६ बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. औषधे व मनुष्यबळ यांच्या तुटवड्यामुळे हे मृत्यू झाले, असा आरोप एका बाजूने झाला. तर अनेक रुग्ण बाहेरून अत्यवस्थ स्थितीत आणले गेले होते, अशी बाजू शासनातर्फे मांडण्यात आली. या दोन विधानांपैकी कोणते किती खरे, हे केवळ मृतांच्या संख्येवरून ठरविता येत नाही. ते ठरविण्याचे जे शास्त्र आहे, त्यास आरोग्यसेवा संशोधन असे म्हणतात. या शास्त्राचा रुग्णालयाच्या व्यवस्थापनास नेमका कोणता उपयोग होतो, हे नवजात बालकांच्या उदाहरणातून स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पना :

वैद्यकीय संशोधन रोगाचा व औषधाचा अभ्यास करते. आरोग्यसेवा संशोधन मात्र ते औषध रुग्णापर्यंत पोहोचते काय, वेळेवर पोहोचते काय, कोणाच्या हातून पोहोचते आणि त्यास किती खर्च येतो, यांचा अभ्यास करते. अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये सेवेचा दर्जा तपासण्यासाठी तीन अंगे सांगितली : रचना, प्रक्रिया आणि फलित. खाटा, यंत्रे व कर्मचारी ही रचना होय. रुग्णावर प्रत्यक्ष काय व केव्हा केले गेले, ही प्रक्रिया. आणि रुग्ण बरा झाला की दगावला, हे फलित. आपल्याकडील चर्चा बहुधा रचनेपाशी सुरू होते आणि फलितापाशी संपते. मधली प्रक्रिया अंधारातच राहते.

रुग्णालयातील मृत्यूचे मूळ पुष्कळदा रुग्णालयाबाहेर असते. सेरीन थॅडियस व डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंच्या संदर्भात तीन प्रकारचे विलंब सांगितले : उपचार घेण्याचा निर्णय करण्यातील विलंब, रुग्णालयात पोहोचण्यातील विलंब आणि पोहोचल्यानंतर योग्य उपचार मिळण्यातील विलंब. नवजात बालकांनाही हे विवेचन लागू पडते. यांपैकी तिसरा विलंब रुग्णालयाच्या हाती असतो. पहिल्या दोन विलंबांचा भार मात्र त्यास सोसावा लागतो.

गडचिरोलीतील अभ्यास :

पहिल्या दोन विलंबांचे स्वरूप महाराष्ट्रातच मोजले गेले आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९५-९६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत ७६३ नवजात बालकांचे घरोघरी निरीक्षण केले. त्यांपैकी ५४.४ टक्के बालकांना वैद्यकीय सेवेची गरज होती. ती प्रत्यक्षात मिळाली २.६ टक्के बालकांना. रुग्णालयाच्या नोंदवहीत ही उरलेली बालके कधीच आली नसती. म्हणजे केवळ रुग्णालयाच्या नोंदींवर विसंबणाऱ्या व्यवस्थापकास ही समस्या दिसलीच नसती.

यानंतर गावातील प्रशिक्षित आरोग्यदूतांनी बाळाचे वजन करणे, त्यास ऊब देणे, स्तनपानास मदत करणे, गुदमरलेल्या बाळास श्वास देणे आणि जंतुदोषावर प्रतिजैविके देणे ही कामे घरीच केली. तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात मृत्युदर दरहजारी २५.५ होता, तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो ५९.६ होता. जंतुदोष झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्तीमार्फत नवजात बालकांच्या गृहभेटींचा कार्यक्रम स्वीकारला. येथे नवे औषध शोधले गेले नव्हते. माहीत असलेले उपचार कोणी, कोठे व केव्हा द्यावेत, एवढाच प्रश्न विचारला गेला होता.

आकडे वाचण्यातील धोका :

नोंदी असल्या तरी त्या वाचण्याची पद्धत चुकल्यास निष्कर्ष उलटा निघतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 'अ' व 'ब' या दोन रुग्णालयांत प्रत्येकी ५०० नवजात बालके दाखल झाली. 'अ' मध्ये ३२ दगावली, म्हणजे ६.४ टक्के, 'ब' मध्ये २३, म्हणजे ४.६ टक्के. सकृद्दर्शनी 'ब' चांगले ठरते. आता दाखल होतानाची स्थिती पाहू. 'अ' मध्ये ३०० बालके गंभीर होती, त्यांपैकी ३० दगावली (१० टक्के). उरलेल्या २०० पैकी २ दगावली (१ टक्का). 'ब' मध्ये १०० बालके गंभीर होती, त्यांपैकी १५ दगावली (१५ टक्के). उरलेल्या ४०० पैकी ८ दगावली (२ टक्के). दोन्ही गटांत 'अ' ची सेवा सरस आहे. गंभीर बालके जास्त स्वीकारल्यामुळेच त्याचा एकूण आकडा मोठा दिसतो.

'अ' रुग्णालयास या आकड्यावरून दोषी धरले, तर गंभीर बालकास दाखल करून न घेता पुढे पाठविण्याची वृत्ती बळावेल. उलट, 'रुग्ण गंभीरच आला होता' या सबबीखाली 'ब' मधील उणीव झाकली जाईल. म्हणून दाखल होतानाची स्थिती नोंदविणे हे रुग्ण व रुग्णालय या दोघांच्याही दृष्टीने न्यायाचे आहे.

प्रक्रिया सुधारली तरी :

संशोधनाचे निष्कर्ष नेहमी अपेक्षेप्रमाणेच येतात असे नाही. उत्तर प्रदेशातील १२० आरोग्य केंद्रांत सुरक्षित प्रसूतीसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणी-सूचीचा प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन महिन्यांनंतर प्रयोगातील केंद्रांत आवश्यक कृतींचे पालन ७२.८ टक्के, तर इतर केंद्रांत ४१.७ टक्के आढळले. तथापि माता व बालकांचे मृत्यू आणि मातेतील गंभीर गुंतागुंत यांचे एकत्रित प्रमाण जवळजवळ सारखेच राहिले : १५.१ व १५.३ टक्के. हा प्रयोग निष्फळ म्हणता येणार नाही. हात धुणे, रक्तदाब मोजणे या कृती आवश्यक असल्या, तरी कौशल्य, साधने आणि गुंतागुंत उद्भवल्यास पुढील रुग्णालयाशी जोडणी यांच्याविना त्या अपुऱ्या पडतात, असा त्याचा अर्थ लावता येतो. हा प्रयोग झाला नसता, तर सूची भिंतीवर लावून समाधान मानले गेले असते.

रुग्णालयांसाठी काही उपाय :

वरील विवेचनावरून पुढील उपाय सुचविता येतात. त्यांसाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही.

१. प्रत्येक नवजात बालक दाखल होताना वजन, शरीराचे तापमान, आगमनाची वेळ आणि जन्मस्थान नोंदवावे. रुग्णालयातच जन्मलेली व बाहेरून आणलेली बालके यांचा हिशोब स्वतंत्र ठेवावा.

२. आगमनापासून पहिला उपचार मिळेपर्यंत किती मिनिटे गेली, हे लिहावे. तिसरा विलंब मोजण्याचा हाच मार्ग आहे.

३. रुग्ण पुढे पाठविताना चिठ्ठीत दिलेली औषधे, वेळ व कारण नमूद करावे. मोठ्या रुग्णालयाने बाळाचे पुढे काय झाले, हे पाठविणाऱ्या केंद्रास कळवावे.

४. दरमहा मृत्यूंचा आढावा घ्यावा. त्यात 'कोण चुकले' याऐवजी 'कोणत्या टप्प्यावर काय राहून गेले' हा प्रश्न असावा. शिक्षेची भीती असेल तेथे नोंदी खऱ्या राहत नाहीत. हेतुपुरस्सर हलगर्जीपणाची चौकशी वेगळी ठेवावी.

५. खाटांपेक्षा बालके जास्त झाली की एका परिचारिकेकडे किती बालके होती, याची पाळीनिहाय नोंद असावी. मनुष्यबळाची मागणी अशा नोंदीच्या आधारेच ठामपणे मांडता येते.

परिसरातील महाविद्यालयांतील संख्याशास्त्र, समाजशास्त्र व अर्थशास्त्र या विभागांनीही आरोग्य यंत्रणेच्या परवानगीने, रुग्णाची ओळख गोपनीय राखून, या नोंदींच्या विश्लेषणास हातभार लावावा.

समारोप :

नवी इमारत, नवी यंत्रे व नवे महाविद्यालय यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु सेवेचा दर्जा त्यांच्या उद्घाटनाने सिद्ध होत नाही. डोंगरकड्याहून निघालेले बाळ किती वाजता पोहोचले, कोणत्या स्थितीत पोहोचले आणि त्यानंतर त्याच्यावर काय केले गेले, हे ज्या रुग्णालयास सांगता येते, तेच रुग्णालय पुढच्या बाळासाठी काही बदलू शकते. अन्यथा प्रत्येक दुर्घटनेनंतर आरोप व खुलासे होतील आणि काही दिवसांनी दोन्ही विसरले जातील. आरोग्यसेवा संशोधनाची गरज आहे ती हे टाळण्यासाठी.