डोळा तिरळा का होतो? ‘मोठं झालं की आपोआप नीट होईल’ म्हणून थांबणं का महागात पडतं?

घरातल्या कुणाच्या तरी, बहुतेकदा आजीच्या, हे आधी लक्षात येतं. बाळ समोर पाहतं, पण एक डोळा नाकाकडे वळलेला असतो. मग अमरावती असो की अकोला, ठरलेली वाक्यं ऐकू येतात: ‘चकणं असणं शुभ असतं’, ‘पाळण्यावरच्या खेळण्याकडे पाहून झालं’, ‘मोठं झालं की जाईल’.

यातलं एकही खरं नाही. पाळण्यावर टांगलेल्या खेळण्यामुळे तिरळेपणा येत नाही. मग तो येतो कशामुळे?

दोन डोळे एकत्र कसे चालतात?

प्रत्येक डोळा ६ स्नायूंनी हलतो. या स्नायूंना मेंदूतून निघणाऱ्या ३ नसांकडून आदेश मिळतात. दोन्ही डोळे एकाच ठिकाणी रोखले गेले की मेंदू दोन चित्रांचं एक चित्र करतो. स्नायू, नस, मेंदूचं नियंत्रण किंवा खुद्द नजर, यांपैकी कुठेही बिघाड झाला तर डोळ्यांची जोडी फुटते.

लहान मुलांमधली कारणं

बऱ्याच मुलांच्या स्नायूंमध्ये दोष नसतो, दोन्ही डोळे जुळवण्याचं मेंदूचं कामच बिनसलेलं असतं. घरात कुणाला तिरळेपणा असेल तर शक्यता वाढते.

दुसरं मोठं कारण म्हणजे चष्म्याचा ‘प्लस’ नंबर. असं मूल स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्यांवर जास्त ताण देतं. जवळचं पाहण्याचा ताण आणि डोळे आत वळणं या दोन क्रिया एकमेकींशी जोडलेल्या असल्याने डोळा नाकाकडे जातो. हा प्रकार अनेकदा दोन-तीन वर्षांच्या वयात दिसू लागतो. अशा काही मुलांचे डोळे फक्त चष्म्यानेच सरळ होतात.

तिसरं कारण म्हणजे एका डोळ्याची कमी नजर. जन्मजात मोतीबिंदू किंवा एकाच डोळ्याला मोठा नंबर असेल, तर तो डोळा भरकटतो. क्वचित यामागे डोळ्याचा कर्करोगही असू शकतो. फोटोत बाहुली पांढरी चमकत असेल तर एक दिवसही थांबू नये.

वेळेआधी किंवा कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळांमध्ये धोका जास्त असतो. कमी वजनाच्या बाळांचा प्रश्न जुना असलेल्या मेळघाटसाठी ही बाब महत्त्वाची आहे.

मोठेपणी अचानक डोळा वळला तर?

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, डोक्याला मार किंवा पक्षाघात ही कारणं असू शकतात. एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. मधुमेहामुळे नस दुबळी झाली असेल तर ती अनेकदा काही महिन्यांत सुधारते. पण कारण तपासेपर्यंत ही तातडीची बाब समजावी.

वाट पाहिली तर काय होतं?

दोन चित्रांचा गोंधळ टाळण्यासाठी लहान मुलाचा मेंदू तिरळ्या डोळ्याचं चित्र नाकारू लागतो. डोळा वरून निरोगी दिसतो, पण त्याची नजर वाढतच नाही. साधारण सात वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर फायदा सर्वाधिक होतो. चष्मा लावणं आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावणं हे मुख्य उपाय आहेत. शस्त्रक्रियेने डोळा सरळ होतो, पण गेलेली नजर तेवढ्याने परत येत नाही.

म्हणूनच ‘कापसाची वेचणी झाली की जाऊ’ म्हणत काढलेली दोन-तीन वर्षं जड जातात.

घरी कसं ओळखाल? कुठे जाल?

पहिले तीन-चार महिने बाळाचे डोळे अधूनमधून भरकटणं सामान्य आहे. त्यानंतर नाही. काही बाळांचं नाक बसकं असल्याने डोळे नुसतेच तिरळे भासतात. थोड्या अंतरावरून फोटो काढा: दोन्ही बाहुल्यांवर प्रकाशाचा ठिपका एकाच जागी दिसला पाहिजे. शंका वाटली तरी निदान डॉक्टरांकडूनच घ्या.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. तिथे डोळ्याबद्दल आवर्जून सांगा. अमरावतीचं जिल्हा सामान्य रुग्णालय (इर्विन) आणि अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय इथेही डोळे तपासून घेता येतात.

तिरळेपणा शुभ नाही आणि अशुभही नाही. तो आजार आहे आणि त्यावर लवकर उपचार सुरू होणं महत्त्वाचं आहे.