दंड दोन हजार, विमा सातशे चौदा

पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याला करपलेल्या क्लच प्लेटचा वास असतो. इथल्या भाजलेल्या कणसांवर आणि चिक्कीवर पुष्कळांनी लिहिलंय, पण भुशी डॅमच्या वाटेवर तासन्‌तास अडकलेल्या गाड्यांचा हा वास त्या दोन्हींना पुरून उरतो. अशाच एका रविवारी जुन्या हायवेवर नाकाबंदी होती. रेनकोटातला हवालदार चलानचं मशीन प्लास्टिकच्या पिशवीत घालून उभा होता. पिशवीवरूनच बोटानं गाडीचा नंबर टाकायचा, की गाडीची कुंडली समोर: मालक कोण, पीयूसी आहे का, विमा कधी संपतो.

दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवलेली स्प्लेंडर थांबली. विमा मार्चमध्ये संपलेला. दोन हजार. तिच्यामागे सनरूफमधून दोन पोरं बाहेर काढलेली मोठी डिझेल एसयूव्ही. तिचा विमा आदल्या वर्षीच संपलेला. दोन हजार. एसयूव्हीवाला काच अर्धी खाली करून म्हणाला, “पेंडिंगला टाका.” दूधवाला बराच वेळ भावाला फोन लावत राहिला. मग दोन्ही गाड्या निघून गेल्या. विमा आधी नव्हता, तो आताही नव्हताच. मी तसं म्हटल्यावर हवालदार म्हणाला, “आम्ही दंड करतो साहेब, विमा उतरवत नाही.”

दोन गाड्यांना एकच आकडा, हे काही डोक्यातून जाईना. म्हणून कामशेत गाठलं. तिथे हायवेलगत एका झेरॉक्स-लॅमिनेशनच्या दुकानात एक ताई गाड्यांचे विमे उतरवतात. गिऱ्हाईक आरसी पुढे सरकवतं आणि त्याने तोंड उघडायच्या आत ताई सांगून मोकळ्या होतात, “सातशे चौदा.” पंच्याहत्तरच्या पुढे दीडशे सीसीपर्यंतच्या दुचाकीचा थर्ड पार्टी विम्याचा हा वर्षाचा दर, 2022 मध्ये सरकारने ठरवलेला. वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आठशे त्रेचाळीसच्या घरात. स्वतःचा पंधरा लाखांचा अपघात विमा आधीचा नसेल तर त्याचे वेगळे. कंपनी कुठलीही असो, मूळ दर तोच. तरी माणसं घासाघीस करतात. “सरकारी भाव आहे काका,” ताई म्हणतात, “मेथीची जुडी नाही.”

मी बसलो होतो तेव्हा नाणे मावळातले एक मामा आले. त्यांचा प्रश्न रोखठोक होता.

“मला काय झालं तर पैसं मिळत्यात का?”

“नाही मामा. तुमच्या गाडीनं ज्याला लागेल त्याला.”

“मंग मी कशापायी भरू?”

ताईंनी कपाळावर हात मारला नाही, हे त्यांचं कौतुकच. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 ने हाच विमा सक्तीचा केला आहे. तुमच्या गाडीचा पत्रा चेपला तर त्याची काळजी कायद्याला नाही. काळजी आहे ती रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याची: एकवीरेला पायी निघालेल्याची, कार्ला फाट्यावर वडापची वाट बघत उभ्या बाईची. या अनोळखी माणसासाठी पैसे भरायचे, हे मामांनाच काय, एसयूव्हीवाल्यालाही पटलेलं नसतं. मामा निदान विचारतात तरी.

ताईंचं निरीक्षण असं, की गोम शोरूमपासूनच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच आणि नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा गाडीबरोबरच घ्यावा लागतो. तेवढी वर्षं माणूस निर्धास्त. मुदत संपली की आठवण करून देतो तो नाक्यावरचा हवालदारच. देशातल्या निम्म्याहून जास्त गाड्या विम्याविना धावतात, असं संसदेच्या स्थायी समितीचा अहवालही सांगतो.

आता दंडाकडे बघा. कलम 196 प्रमाणे पहिल्या वेळी दोन हजार, पुन्हा सापडलात तर चार हजार. तीन महिन्यांपर्यंतचा तुरुंगवासही कायद्यात लिहिलेला आहे. रस्त्यावर मात्र पावतीवर भागतं. 2019 च्या दुरुस्तीआधी दंड हजारच होता. महाराष्ट्रात वाढीव दर डिसेंबर 2021 मध्ये आले. स्प्लेंडरवाल्याला हा दंड सातशे चौदाच्या जवळजवळ तिप्पट पडतो. त्याने विमा न काढणं म्हणजे निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार. दीड हजार सीसीच्या वरच्या कारचा थर्ड पार्टी दर मात्र 7,897 रुपये, जीएसटी धरून नऊ हजार तीनशेच्या वर. एसयूव्हीवाला वर्षात दोनदा सापडला तरी दंड होतो सहा हजार. म्हणजे दोनदा पकडला जाऊनही साहेब फायद्यातच. कायदा सर्वांना समान म्हणतात, तो असा. ज्याची गाडी मोठी, ज्याच्या धडकेने हाडं जास्त मोडतात, त्यालाच विमा टाळणं स्वस्त.

खरी किंमत मोजावी लागते ती अपघातानंतर. मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादा नाही, आणि विमा नसेल तर न्यायाधिकरणाने ठरवलेली सगळी रक्कम मालकाच्या डोक्यावर. त्याने ती दिली नाही, तर कलम 174 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. म्हणजे गोष्ट सातबाऱ्यावर येते. बंगल्यांच्या प्लॉटपायी मावळात जमिनीला काय भाव आलाय ते वेगळं सांगायला नको; त्यातला एखादा तुकडा सातशे चौदा रुपयांपायी जाऊ शकतो. आणि मालकाकडे काहीच नसेल, तर जखमीच्या हाती निकालाचा नुसता कागद.

हे सगळं ताईंनी मामांना त्यांच्या भाषेत ऐकवलं. सातबारा शब्द निघाल्यावर मामांनी बंडीतून पैसे काढले.

तेवढ्यात बाहेर काळी स्कॉर्पिओ लागली. मालक आधार कार्ड लॅमिनेट करायला आले होते. ताईंनी विचारलं, “दादा, गाडीचा विमा आहे का?” ते हसले. आकडा ऐकल्यावर म्हणाले, “नऊ हजार? त्यापेक्षा पावती फाडलेली बरी. पुढच्या महिन्यात बघू.”

“बघा,” ताई म्हणाल्या, आणि मशीनमधून निघालेलं गरम कार्ड पुढे केलं. “लॅमिनेशनचे तीस.”