सोल्डरिंग शिका, पण आधी हात आणि फुप्फुसं सांभाळा : एलईडी दुरुस्तीच्या धंद्याची खरी पहिली पायरी

एलईडी बल्ब दुरुस्तीचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, मशीन कोणतं घेऊ?" उत्तर असं आहे की सध्या कोणतंच मशीन घेऊ नका. आधी सोल्डरिंग शिका. ज्याला सोल्डरचा एक टाका नीट मारता येत नाही, त्याच्यासाठी चाळीस हजारांचं किटसुद्धा शोभेची वस्तू आहे. आणि ज्याला तो मारता येतो, तो एका टेबलावर, हजार-दीड हजाराच्या सामानात काम सुरू करू शकतो.

बाजारात याला बरेच जण "शोल्डर मारणं" म्हणतात. काही हरकत नाही, दुकानदाराला बरोबर कळतं. मराठीत याला जुना शब्द आहे, डाख. आपल्या आजीच्या काळात तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करायला माणूस दारात यायचा. तो आधी भांडं तापवायचा, नवसागर टाकून ते साफ करायचा आणि मग कथील फिरवायचा. भांडं मळकट किंवा थंड असेल तर कथील धरायचंच नाही. सोल्डरिंगचं शास्त्र तेवढंच आहे. जागा स्वच्छ हवी, जागा तापलेली हवी, मगच कथील.

काय घ्यायचं

२५ वॉटची साधी सोल्डरिंग आयर्न. सोल्ड्रॉनसारख्या भारतीय बनावटीच्या आयर्नवर कित्येक रेडिओ-टीव्ही मेकॅनिक घडले, आजही ती चालते. फक्त प्लग तीन पिनचा आहे ना, आणि तुमच्या बोर्डाला अर्थिंग खरंच आहे ना, एवढं बघा. अगदी स्वस्त दोन पिनची आयर्न घेऊ नका. आतलं एलिमेंट खराब झालं तर करंट सरळ टोकाला येऊ शकतो.

साध्या आयर्नला तापमानाचं बटण नसतं. प्लग लावला की ती तापतच राहते, साडेतीनशे अंश आणि त्याच्याही पुढे. म्हणून काम नसताना बंद करायची सवय लावा, नाहीतर टोक काळं पडतं आणि कथील धरत नाही. पुढे चार पैसे सुटले की तापमान ठरवता येणारं स्टेशन घ्या. ते ३२० ते ३५० अंशांवर ठेवलं की रोजचं काम आरामात होतं.

सोल्डर वायर घेताना ६०/४० किंवा ६३/३७ मागा. पहिला आकडा कथलाचा, दुसरा शिशाचा. ६३/३७ ही १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते, त्यामुळे शिकणाऱ्याला सोपी जाते. ६०/४० गोठताना थोडा वेळ लापशीसारखी राहते आणि त्या वेळात हात हलला तर जोड बिघडतो. शिसं नसलेली वायरही मिळते, ती २१७ अंशांच्या पुढे वितळते. ती तब्येतीला बरी, पण हाताला अवघड. जाडी ०.८ मिलिमीटरच्या आसपास ठेवा आणि आत फ्लक्स भरलेलीच वायर घ्या. रद्दीच्या भावात मिळणारी, काळपट, नाव-गाव नसलेली वायर घेऊ नका. तिच्यात कथील किती आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

याशिवाय आयर्नचा स्टँड, ओला स्पंज किंवा पितळी तारेचा चोथा, चिमटा, कटर, डीसोल्डर पंप आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ, तिथे हे सगळं एका फेरीत मिळतं. तालुक्याच्या ठिकाणी मोबाइल दुरुस्तीच्या सामानाचं दुकान शोधा, त्याच्याकडे असतंच. फ्लक्स पेस्ट मागताना "सर्किटसाठी" असं स्पष्ट सांगा. पत्रा आणि नळकामाची ॲसिडची पेस्ट सर्किटला लावली तर महिन्या-दोन महिन्यांत तांबं खाऊन टाकते, आणि तो बल्ब परत तुमच्याच दारात येतो.

धूर, शिसं आणि जेवणाचं ताट

इथे लोकांचा गैरसमज फार आहे. धूर दिसला की म्हणतात, शिसं उडतंय. तसं नाही. शिसं उकळायला १,७०० अंशांपेक्षा जास्त तापमान लागतं, आपली आयर्न तिथे कधीच पोहोचत नाही. तो धूर वायरमधल्या फ्लक्सचा, म्हणजे राळेचा असतो. पण म्हणून तो निर्धोक नाही. राळेचा धूर रोज छातीत गेला तर दमा होऊ शकतो, आणि एकदा लागला की थोड्याशा धुरानेही त्रास होतो. कापडी मास्क इथे कामाचा नाही. खिडकीजवळ बसा आणि एक छोटा टेबलफॅन असा ठेवा की तो धूर तुमच्या तोंडापासून ओढून खिडकीबाहेर टाकेल. वाऱ्याचा झोत थेट टाक्यावर मात्र नको, टाका थंड पडतो. आणि वाकून, नाक सर्किटला टेकवून काम करू नका. दिसत नसेल तर भिंग आणि चांगला दिवा घ्या.

शिसं अंगात जातं ते हातावाटे आणि तोंडावाटे. वायर हातात धरली, तसाच वडापाव खाल्ला, झालं. दोन्ही हात अडकले की काही जण वायर दातात धरतात. हे अजिबात करायचं नाही. काम झालं की हात साबणाने धुवायचे, नुसते पाण्याने नाही. टेबल ओल्या फडक्याने पुसायचं, आणि ते फडकं स्वयंपाकघरात न्यायचं नाही.

बचत गटाच्या ताईंना मी हे नेहमी वेगळं सांगतो, कारण त्यांचं काम घरातच चालतं. ज्या ओट्यावर पोळ्या लाटता तिथे सोल्डरिंग नको. लहान मूल रांगतं त्या खोलीत नको. कथलाचे बारीक गोळे जमिनीवर पडतात आणि मूल पहिलं ते तोंडात घालतं. दिवस गेलेले असतील तर शिशाच्या वायरचं काम दुसऱ्या कुणाला द्या, तोवर तपासणी आणि हिशेब तुम्ही बघा. घरच्यांना हे सांगायला संकोच वाटत असेल तर हा लेखच वाचायला द्या.

भाजण्याबद्दल थोडक्यात. आयर्न हातातून सुटली तर झेलायची नाही, पडू द्यायची. नायलॉनची साडी, ओढणी, सिंथेटिक टी-शर्ट नको, सुती कपडे घाला, केस बांधा. चटका बसला तर वाहत्या थंड पाण्याखाली चांगली दहा ते वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फही नाही. पायाच्या तारा कापताना तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर साधा चष्मा असू द्या.

टाका कसा मारायचा

पहिले आठ दिवस बल्बला हात लावू नका. भंगारातला जुना रेडिओ, रिमोट, सेट-टॉप बॉक्सचं सर्किट आणा. आधी नुसती तांब्याची तार सोलून तिला कथील चढवा. कथील तारेवर पाण्यासारखं पसरलं पाहिजे, मोत्यासारखं गोल बसलं तर तार गार किंवा मळकट आहे.

मग सर्किट. आयर्नचं टोक स्पंजवर पुसा, त्यावर कणभर कथील घ्या. टोक अशा जागी टेकवा की पार्टचा पाय आणि सर्किटवरचं तांबं दोन्ही एकदम तापतील. मनात "एक, दोन" म्हणा. आता वायर आयर्नला नाही, तर त्या तापलेल्या जोडाला लावा. कथील ओढलं जाईल. आधी वायर काढा, मग आयर्न. आणि मग दोन सेकंद काही हलवू नका. फुंकरही मारू नका.

चांगला टाका चमकतो, छोट्या डोंगरासारखा बाजूंनी उतरता असतो. गोल लाडू झाला असेल, वरून भुरकट, खडबडीत दिसत असेल तर तो कोरडा टाका. आज दिवा लागेल, पण बल्ब गरम-थंड होत राहिला की सुटेल. असा टाका पुसट फ्लक्स लावून परत तापवा, वरून आणखी कथील थापू नका. आणि तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ टोक टेकवून बसलात तर तांब्याची पट्टीच सर्किटपासून उचलली जाते. हात बसायला शे-दोनशे टाके लागतात. एका संध्याकाळी होतील तेवढे करा, घाई नको.

टोक चकचकीत प्लेटिंगचं असेल तर पॉलिश पेपरने घासू नका. वरचा थर गेला की टोक गेलं. साधं तांब्याचं टोक मात्र कानस मारून परत कथील चढवता येतं.

एलईडी बल्बचं वेगळं प्रकरण

आता मुद्द्याचं. एलईडी बल्बची प्लेट ॲल्युमिनियमची असते. एलईडीची उष्णता ओढून घ्यायलाच ती तिथे बसवलेली असते, त्यामुळे तुमच्या आयर्नची उष्णताही ती ओढते. २५ वॉटची आयर्न तिथे रडते. एकतर ६० वॉटची आयर्न घ्या, नाहीतर प्लेट खालून तापवा. बरेच कारागीर उलटी इस्त्री वापरतात. चालतं, पण ती घट्ट बसवलेली आणि अर्थिंग असलेली हवी. कलणारी इस्त्री टेबलावर ठेवण्यापेक्षा छोटी हॉट प्लेट घेतलेली बरी.

सगळे एलईडी एकामागे एक जोडलेले असतात, एक गेला की सगळा बल्ब विझतो. काळा ठिपका दिसला तर तोच. मल्टिमीटरच्या डायोडवर ३ व्होल्टचा एलईडी मंद पेटतो, पण ९ किंवा १८ व्होल्टचा पेटतच नाही, म्हणून चांगला एलईडी खराब समजून काढू नका. बदलताना व्होल्ट तेच घ्या आणि कोपऱ्यातली खाच शेजारच्या एलईडीची ज्या बाजूला आहे त्याच बाजूला ठेवा. गेलेला एलईडी काढून तिथे नुसतं कथील ओतून जोडणारे बरेच आहेत. बल्ब लागतो, पण ड्रायव्हरवरचा ताण वाढू शकतो आणि आयुष्य घटतं. केलंच तर गिऱ्हाइकाला सांगून करा.

आणि जीवावर बेतणारी गोष्ट ही. स्वस्त बल्बमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. वरची टोपी काढून बल्ब चालू केला की प्लेटवरचा प्रत्येक टाका २३० व्होल्टच्या लाइनला जोडलेला समजा. आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. म्हणून क्रम ठरवून घ्या. आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर, पाय नीट झाकलेला, कपॅसिटरच्या दोन टोकांना सेकंद-दोन सेकंद टेकवायचा. मग मल्टिमीटर डीसीच्या मोठ्या रेंजवर ठेवून मोजायचं. काटा किंवा आकडा शून्याजवळ आला, तरच हात. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडणं ही बहादुरी नाही.

तपासणीसाठी सिरीज बोर्ड करा, जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये. सर्किट शॉर्ट असेल तर पिवळा बल्ब पूर्ण पेटतो आणि फ्यूज वाचतो. पण लक्षात घ्या, सिरीज बोर्ड सामान वाचवतो, माणसाला नाही. शॉक त्यातूनही बसतो. टेबलाच्या लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. तीही दोन हातांनी फेज आणि न्यूट्रल धरलं तर वाचवत नाही. म्हणून चालू बल्बवर एकच हात, पायात कोरडी चप्पल, आणि घरात दुसरं माणूस जागं असताना काम.

पैसे कुठे आहेत

धरून चाला, एका ९ वॉटच्या बल्बचे तुम्ही ३० रुपये घेतले, सामान ५ रुपयांचं लागलं. २५ रुपये सुटले. दिवसाला दहा बल्ब आले तर अडीचशे. एवढ्यावर घर चालत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. हात बसेपर्यंत बल्ब ठीक. नंतर फ्लड लाइट, दुकानांचे पॅनल, सोसायटीचे जिन्यातले दिवे, इमर्जन्सी दिवे, चार्जर याकडे वळा. तिथे नवीन वस्तू महाग असते, म्हणून दुरुस्तीचे पैसे देताना गिऱ्हाईक कुरकुरत नाही.

"घरी बल्ब बनवा, आम्ही परत विकत घेऊ" असं सांगून किट विकणाऱ्यांपासून सावध. दुसऱ्याचा बल्ब दुरुस्त करणं वेगळं आणि नवीन बल्ब जोडून आपल्या नावाने विकणं वेगळं. नवीन एलईडी बल्ब विकायला आयएस १६१०२ (भाग १) या मानकाप्रमाणे तपासणी आणि बीआयएसची नोंदणी लागते. नोंदणी नसताना विकलात तर बीआयएस कायदा २०१६ खाली कारवाई होऊ शकते, आणि ती तुमच्यावर होईल, किट विकणाऱ्यावर नाही. पैसे भरण्याआधी त्याला नोंदणी क्रमांक कुणाच्या नावावर आहे ते विचारा. माल परत घेण्याचा करार लेखी मागा. बहुतेक वेळा बोलणं तिथेच थांबतं.

शिकायला पैसे नसतील तर आधी आपल्या जिल्ह्याच्या आरसेटीत जाऊन या. बँकांनी चालवलेली ही केंद्रं मोफत, राहून-खाऊन प्रशिक्षण देतात. दुरुस्तीची बॅच कधी आहे ते तिथेच विचारा.

शेवटी एक छोटी सवय. दुरुस्त केलेला प्रत्येक बल्ब अर्धा तास चालू ठेवून मगच द्या, आणि त्याच्या बुडाशी मार्करने तारीख आणि काय बदललं ते लिहा. महिन्याने तोच बल्ब परत आला तर भांडण होत नाही, आणि आपला टाका सुटला की दुसराच एलईडी गेला, हे तुम्हाला तिथल्या तिथे कळतं.