श्वानांतील शुष्काक्षिरोग : आधी अश्रुमापन, मग औषध

‘कुत्र्याचे डोळे सारखे चिकटतात, काही थेंब द्या,’ असे म्हणत पशुपालक औषधी दुकानात येतो. घट्ट, पिवळसर स्राव पाहून डोळे आले असावेत असा समज होतो; वस्तुतः कित्येकदा अश्रूच आटलेले असतात. पग, कॉकर स्पॅनियल, ल्हासा अप्सो या जातींत हा विकार विशेष आढळतो.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील शुष्काक्षिपाकाशी याचे लक्षणसाम्य आहे. तेथे घृतपान, तर्पण व नस्य सांगितले आहे. परंतु श्वानांत बहुधा रोगप्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथींवर आघात करते. क्वचित सल्फा औषधेही कारण ठरतात. घृताने स्निग्धता येईल. त्याने हा आघात थांबतो असे मानू नये.

निदान सोपे आहे. शर्मर चाचणीची कागदी पट्टी खालच्या पापणीत एक मिनिट ठेवतात. ती 15 मि.मी. वा अधिक भिजली तर अश्रू पुरेसे. लक्षणे असून 10 मि.मी.पेक्षा कमी भिजली तर रोग निश्चित मानतात. सायक्लोस्पोरिनच्या मलमाचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात आणि ते बहुधा आजन्म चालू ठेवावे लागते. कृत्रिम अश्रू केवळ साहाय्यक होत.

व्रण असता स्टेरॉइडचे थेंब घातक ठरतात. निर्जंतुक नसलेले घृत वा मधही डोळ्यात घालू नये. परभणीत 1972 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी असा रुग्ण विनाविलंब पशुवैद्यकाकडे पाठवावा. मुक्या जिवाची दृष्टी त्यानेच वाचेल.